म्हातारीचं तेल: एका जुन्या सेस्ना १७२ च्या ऑइल-फिल्टरच्या नोंदी

६ मे २०२४

म्हातारी काल संध्याकाळी उतरली, आज सकाळी हँगरात घेतली. सेस्ना १७२ एम, इंजिन लायकमिंग ओ-३२०-ई२डी, १५० हॉर्सपॉवर, ओव्हरहॉलनंतर (इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखं केल्यावर) १३४० तास. मालक सत्तरीचे आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. विमान तीन वर्षं जुहूला उभं होतं, तेही बहुतेक उघड्यावर. आता पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, आमच्या पर्जन्यछायेतल्या कोरड्या हवेत आणलंय. आणायला उशीर झाला का, ते कळेलच.

चहा घेत लॉगबुक चाळलं. दर पन्नास तासांनी एकच ओळ: "ऑइल बदललं, स्क्रीन साफ केली, ठीक." तेच हस्ताक्षर, तेच शब्द, काही ठिकाणी शाईसुद्धा तीच. दोन गोष्टी खटकल्या. या इंजिनावर फिल्टर नाहीच, मागे ॲक्सेसरी हाउसिंगमध्ये नुसती जाळीची प्रेशर स्क्रीन आहे. लायकमिंगचं सर्व्हिस बुलेटिन ४८० स्पष्ट सांगतं की फुल-फ्लो फिल्टर (सगळं तेल ज्यातून जातं असा) असेल तर तेल ५० तासांनी बदला, नुसती स्क्रीन असेल तर २५. आणि दोन्हीकडे चार महिने, जे आधी येईल ते. इथे दोन नोंदींमध्ये सात महिने, नऊ महिने, एकदा तर चौदा महिने गेलेत.

आधी विमानाची देखभाल ज्यांच्याकडे होती त्यांचं नाव इथे लिहायचं कारण नाही. पण "ठीक" म्हणजे नक्की काय, हा प्रश्न त्यांना कोणीतरी विचारायला हवा होता.

९ मे

काकांनी अर्धा तास चक्कर मारून आणली आणि काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, निवायच्या आतच मी ड्रेन लावला. तेल गरम असतानाच काढायचं, कारण तरंगणारी घाण तेव्हा तेलाबरोबर बाहेर येते. तेल गार झालं की ती संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळाशी बसून राहते. पहिली धार जाऊ दिली, मधल्या धारेतून नमुन्याची बाटली भरली, वर तारीख आणि तास लिहिले.

प्रेशर स्क्रीन काढायला मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) आणि फायरवॉल (इंजिनामागची भिंत) यांच्या मधल्या फटीत हात घालावा लागतो. माझ्या मनगटावर त्या फटीच्या आठवणी आहेत. जाळी बाहेर आली तेव्हा चहाच्या गाळणीत चोथा अडकावा तसा काळा थर बसला होता. बराचसा कोळसा, बोटात चुरडला की पीठ होणारा. तो सोडला, उरलेलं स्वच्छ सॉल्व्हंटमध्ये धुतलं, पांढऱ्या कापडातून गाळलं आणि कापड उन्हात धरलं.

चुंबक नेहमी प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवायचा. पिशवी उलटी केली की कण कागदावर पडतात, नाहीतर नखाने खरवडत बसावं लागतं. चुंबकाला लागलेले धातूचे कीस मोजले: ३२. केसासारखे बारीक, आखूड. चुंबकाला न लागणारे चार-पाच चमकते कण वेगळे.

लायकमिंगच्या मार्गदर्शनात याची चढती भाजणी आहे. थोडेसे कण असतील तर उडवा, २५ तासांनी पुन्हा बघा. पंचेचाळीस ते साठ असतील तर तेल बदला, जमिनीवर २०-३० मिनिटं चालवा, बघा, मग तास-दोन तास उडवून बघा, मग दहा तासांनी. शिसपेन्सिलीच्या मोडक्या टोकाएवढे तुकडे दिसले तर विमान जागेवर. अर्धा चमचा धातू निघाला तर बहुतेक वेळा इंजिनच उतरवायचं.

३२ म्हणजे मधेच अडकलेला आकडा. त्यात ही स्क्रीन खरंच केव्हा साफ झाली होती ते देवाला ठाऊक. म्हणजे हे कीस पन्नास तासांचे की दीडशे, तेही सांगता येत नाही. माझ्यापुरता निर्णय असा की २५ तासांची वाट बघायची नाही, दहाला उघडायची.

संपच्या तळाची सक्शन स्क्रीनही काढली. तिच्यात कोळशाच्या गुठळ्या आणि जुन्या सीलंटचा एक तुकडा. नवं गॅस्केट, सेफ्टी वायर. तेल एरोशेल डब्ल्यू १००.

१० मे

ट्रेनी मुलीने विचारलं, "सर, गाडी दहा हजार किलोमीटर तेल न बदलता चालते, आणि हिला पंचवीस तासच का?"

प्रश्न रास्त आहे. तिला सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो, दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

पहिलं कारण शिसं. १०० एलएल या विमानाच्या पेट्रोलमधल्या 'एलएल'चा अर्थ कमी शिसं, पण तो जुन्या १००/१३० च्या तुलनेत. या ई२डी इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी आहे, ते ८०/८७ ग्रेडवर चालायला बनवलेलं. त्या इंधनात गॅलनला जास्तीत जास्त अर्धा मिलिलीटर टेट्राएथिल लेड असायचं. १०० एलएल मध्ये दोन मिलिलीटरपर्यंत असतं, म्हणजे चौपट. बहुतेक शिसं धुराबरोबर बाहेर जातं, काही पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने निसटून तेलात उतरतं. प्लगच्या तळाशी राखाडी मणी दिसतात, तेच हे.

दुसरं पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. तेही थोडं क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य खोक्यात, निसटतं आणि जळणातल्या बाकीच्या घाणीशी मिळून आम्लं होतात. तिसरं म्हणजे हवेने थंड होणारी इंजिनं, पिस्टन आणि सिलिंडरमधली फट जास्त, त्यामुळे निसटणंही जास्त.

डब्ल्यू मालिकेतलं तेल ॲशलेस डिस्पर्संट आहे. घाण तळाला बसू न देता ते ती अंगावर घेऊन फिरतं. म्हणून ते काळं पडतं, आणि काळं पडलं म्हणजे काम करतंय. गाडीच्या तेलातली धातूयुक्त डिटर्जंटं इथे चालत नाहीत, कारण जळाल्यावर त्यांची राख उरते आणि सिलिंडरमध्ये लाल होऊन वेळेआधी ठिणगीचं काम करते. पण अंगावर किती घेणार? स्क्रीनची जाळी फक्त मोठं अडवते. बारीक सगळं तेलाबरोबर बेअरिंगातून, कॅमवरून (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरून) फिरत राहतं. ते काढायचा एकच रस्ता, तेलच काढून टाकणं. म्हणून २५. कागदी फिल्टर असला तर बारीकही अडतं, म्हणून ५०.

तिने वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "मग फिल्टर लावत का नाही?"

काकांना फोन केला.

२१ मे

तेलाचा रिपोर्ट आला. दहा लाख भागांत लोह ५८, सिलिकॉन १९, क्रोम आणि निकेल नावापुरते, तांबं बरं. प्रयोगशाळेचा शेरा: लोह जरा जास्त, सिलिकॉन तपासा. शिशाचा आकडा हजारांत, तो कोणी बघत नाही, इंधनाचाच असतो.

कॉम्प्रेशनही घेतलं, म्हणजे सिलिंडर हवेचा दाब किती धरतात ते मोजलं. चारही सिलिंडर ८० पैकी ७४ च्या वर. काका खूश.

२३ मे

सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळा धूळ. मे महिन्यात आमच्या टॅक्सीवेवर धुळीला तोटा नाही. एअर फिल्टर काढला, तो ठीक होता, पण एअरबॉक्सच्या झडपेची कड झिजलेली. ती बदलली.

खरं कारण मात्र दुपारी दिसलं. काका विमान उतरवून पार्किंगला येत होते आणि मी खिडकीतून बघत होतो. कार्ब हीटचा, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा, नॉब बाहेरच. या विमानात कार्ब हीट ओढली की हवा एअर फिल्टरमधून येत नाही. एक्झॉस्टभोवतीच्या आवरणातून गरम होऊन थेट कार्ब्युरेटरमध्ये जाते. वर आकाशात त्याने काही बिघडत नाही. जमिनीवर, पुढच्या विमानाच्या प्रॉपेलरने उडवलेल्या मातीत, तुम्ही इंजिनाला माती पाजत असता.

"काका, उतरल्यावर कार्ब हीट आत ढकलता का?"

"पार्किंगला आलो की ढकलतो ना रे, सगळं एकदमच."

"धावपट्टीवरून वळलात की लगेच ढकला. तुमची चेकलिस्ट पण तेच म्हणते."

त्यांनी चेकलिस्ट काढली, चष्मा लावला, वाचलं. काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशीपासून नॉब आत दिसतो.

१२ जून

दहा तासांची स्क्रीन उघडली. कीस अकरा. दहा तासांना अकरा म्हणजे सुखावणारं नाही, पण भाजणीत वरही जात नाही. पुढे.

पाऊस लागला. काका पुण्याहून म्हणाले, "आता महिनाभर येणं होत नाही. पोरांना सांग, आठवड्याला दहा मिनिटं सुरू करून ठेवा, म्हणजे गंज नाही धरणार."

हा समज विमानमालकांत इतका पक्का आहे की त्याला दरवर्षी नव्याने उत्तर द्यावं लागतं. जमिनीवर दहा मिनिटं चालवलं तर पाणी तयार होतं, पण ते उकळून जाण्याइतकं तेल तापत नाही. म्हणजे आठवड्याला एकदा आपण इंजिनात ताजं पाणी घालून झाकण लावतो. लायकमिंगच्या एल-१८० पत्रात लिहिलंय की तीस दिवसांच्या आत निदान एकदा सलग तासभर उडवा, आणि तेलाचं तापमान १६५ ते २०० फॅरनहाइट, म्हणजे ७४ ते ९३ सेल्सिअस राहू द्या. दमट जागी त्याहून लवकर. जाता-येता प्रॉपेलर हाताने फिरवायची सवयही सोडा, असं तेच पत्र सांगतं. पृष्ठभागावर उरलीसुरली तेलाची साय असते, ती तेवढी पुसली जाते.

लायकमिंगचं दुखणं असं की कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसतो. कॉन्टिनेंटल या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनांत तो खाली असतो. इंजिन बंद झालं की वरच्या कॅमवरून तेल निथळून जातं आणि दमट हवेत तोच सगळ्यांत आधी उघडा पडतो. तीन वर्षं जुहूला, समुद्राच्या वाऱ्यात. हे वाक्य मी काकांना फोनवर बोललो नाही.

ठरलं ते असं: ढग उघडले की आमचा इन्स्ट्रक्टर तासभर उडवून आणेल. नाही जमलं तर उडायचं नाही, आणि सुरूही करायचं नाही.

२ जुलै

फिल्टर ॲडॉप्टरचे कागद हलले. स्क्रीनचं हाउसिंग काढून त्या जागी ॲडॉप्टर बसवायचा आणि त्यावर स्पिन-ऑन फिल्टर. काम अर्ध्या दिवसाचं, कागद दोन महिन्यांचे. एसटीसी (विमानात असा बदल करायचा परवाना) परदेशी, त्यामुळे आपल्या डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) मान्यता, फ्लाइट मॅन्युअलचा जोड, वजन-समतोलाची नवी पाटी. तक्रार नाही. इंजिनाचं सगळं तेल ज्या जोडातून जाणार, तो कोणी तपासून घेतला तर बरंच.

२४ जुलै

काही नाही. पाऊस. एक तास उडालं.

९ सप्टेंबर

ॲडॉप्टर आला, पण मान्यतेचा शेवटचा कागद अडकलाय. मे पासून उड्डाण फक्त २१ तास झालंय, तरी आज तेल बदललं, कारण चार महिने पूर्ण झाले. ट्रेनीला आश्चर्य वाटलं. शाळेचं १७२ एस हिवाळ्यात दहा दिवसांत पन्नास तास गाठतं, तिथे कॅलेंडरकडे कोणी बघतही नाही. कमी उडणाऱ्या विमानाचं तेल मात्र तासांनी नाही, उभं राहून खराब होतं. पाणी आणि आम्ल घेऊन ते महिनोन्महिने बेअरिंगांवर बसून असतं.

स्क्रीनमध्ये कीस चौदा. तेल काढताना विमानाच्या पोटावर काळी रेघ दिसली. काका डिपस्टिकवर पूर्ण आठ क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे जवळपास लिटरभर) भरतात. वरचा क्वार्ट हे इंजिन ठेवत नाही, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या हवा सोडायच्या नळीतून, पोटाला फासतं. साडेसहावर ठेवलं तर सात तासांना एक क्वार्ट लागतं. लायकमिंगच्या सूत्राने या इंजिनाला तासाला जवळपास अर्धा क्वार्टपर्यंत चालतं, म्हणजे खप उत्तमच म्हणायचा.

२६ सप्टेंबर

मान्यता आली. सकाळी नऊला स्क्रीन हाउसिंगचे बोल्ट सोडले.

जुनं गॅस्केट पत्र्यासारखं चिकटलेलं. प्लास्टिकच्या पट्टीने अर्धा तास खरवडलं. धातूची पट्टी इथे वापरायची नाही, ॲल्युमिनियमवर एक ओरखडा म्हणजे गळतीला वाट. व्हर्नाथर्म व्हॉल्व्ह जुन्या हाउसिंगमधून काढून ॲडॉप्टरमध्ये बसवला. तेल साधारण ८५ सेल्सिअसला पोचलं की हा बंद होतो आणि तेलाला कूलरमधून जायला लावतो. तो विसरून जुन्या हाउसिंगबरोबर शेल्फवर ठेवल्याच्या गोष्टी या धंद्यात ऐकायला मिळतात.

गॅस्केटचा पार्ट नंबर दोघांनी वेगवेगळा वाचला. लायकमिंगच्या फिल्टर कन्व्हर्टर प्लेटची गॅस्केटं फाटून तेल वाहून गेल्याच्या घटनांवरून अमेरिकेच्या एफएएने (विमान नियामकाने) २००२ मध्ये एडी, म्हणजे बंधनकारक सूचना, काढलेला आहे. आमचा ॲडॉप्टर वेगळ्या बनावटीचा आहे, तो एडी याला लागू नाही, तरीही हात थांबतोच.

चॅम्पियनचा ४८११० फिल्टर. रबरी कडेला डीसी-४ या सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, टॉर्क १६ ते १८ फूट-पाउंड, मग सेफ्टी वायर. वायरीची दिशा ट्रेनीने चुकवली, घट्ट होण्याऐवजी सुटण्याकडे ओढत होती. तिलाच कापून पुन्हा करायला लावली. दुसऱ्यांदा माझ्यापेक्षा चांगली जमली.

खालचे प्लग काढून स्टार्टरवर फिरवलं, प्रेशर दिसलं. प्लग लावून सुरू केलं. तीस सेकंदांत प्रेशर नाही आलं तर बंद करायचं, इथे आठव्या सेकंदाला काटा हिरव्यात. दहा मिनिटं चालवून बंद केलं आणि आरसा-बॅटरी घेऊन जोड बघितला. कोरडा. फिल्टरमध्ये तेल भरल्यामुळे डिपस्टिक खाली गेली, पाऊण-एक क्वार्ट घातलं.

२० ऑक्टोबर

आज दुसरंच काम. पाहुणं आलेलं एक हलकं दोन सीटचं विमान, इंजिन रोटॅक्स ९१२. त्याचं तेल बदलायची पद्धत बघून ट्रेनी हसत होती. टाकीचं झाकण उघडायचं आणि टाकीतून 'बुडुक' आवाज येईपर्यंत प्रॉपेलर हाताने सरळ दिशेने फिरवत राहायचं. संप कोरडा असतो, तेल वेगळ्या टाकीत. आवाज आला म्हणजे सगळं तेल टाकीत परतलं. फिल्टरही टॉर्क रेंचने नाही, हाताने पाऊण फेरा. गिअरबॉक्सलाही तेच तेल जातं, म्हणून आपलं डब्ल्यू १०० इथे चालत नाही.

याचं तेल पंपावरच्या पेट्रोलवर १०० तास चालतं, शिसंवाल्या अवगॅसवर (विमानाच्या पेट्रोलवर) निम्मं. मालक म्हणाला, पंपाचं पेट्रोल बंद केलं. रोटॅक्सला इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंत चालतं आणि पंपावरचं आता वीस टक्क्यांकडे चाललंय. म्हणून तो अवगॅस जाळतो, आणि म्हणून पन्नास तासांनी आमच्याकडे येतो. अवगॅस निदान आता बाहेरून आणावं लागत नाही, २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याला बनवतं.

१८ नोव्हेंबर

म्हातारीचे फिल्टरवरचे २५ तास झाले. पन्नासपर्यंत थांबता आलं असतं. पहिला फिल्टर अर्ध्यावरच कापायचा हे मी आधीच ठरवलं होतं.

आडवा बसलेला फिल्टर सोडला की तेल मॅग्नेटोवर सांडतं. पाण्याची बाटली आडवी कापून खाली पन्हाळ केली. फिल्टर हॅकसॉने कापायचा नाही, नाहीतर आपलाच कीस सापडतो आणि आपणच घाबरतो. चाकाचा कटर आहे, डबा उघडावा तसा. आतला कागद दोन्ही टोकांना सुरीने कापला, घड्या व्हाइसमध्ये दाबून तेल निथळू दिलं आणि पंख्यासारख्या पसरून उन्हात ठेवल्या.

पहिल्या तीन घड्यांत कोळसा. चौथीत एक चमक. मग दर घडीत.

या वेळी केसासारखे कीस नव्हते. चपटे पापुद्रे होते, एक बाजू आरशासारखी, दुसरी खडबडीत आणि मळकट. पोपडा निघावा तसे. चुंबकाला सगळे लागले. सत्तरनंतर मोजणं सोडलं.

ट्रेनीने विचारलं, "मागच्या वेळी चौदाच होते ना?"

मागच्या वेळी जाळी होती. पापुद्रे इतके पातळ आणि लहान की बरेचसे जाळीतून निसटून फिरत असणार. कागदाने ते पहिल्यांदा अडवले. हे दुखणं सप्टेंबरनंतरचं नाही, आपल्याला दिसलं तेवढं आता.

२९ नोव्हेंबर

त्याच तेलाचा रिपोर्ट आला: लोह ३१, सिलिकॉन ८. शेरा: सर्व मूल्ये सामान्य, मागच्यापेक्षा सुधारणा. काकांनाही प्रत जाते. त्यांचा फोन आधी आला.

"बघ, नॉर्मल लिहिलंय. सुधारणा लिहिलीय! उगाच काळजी करतोस."

"काका, त्यांचं यंत्र तेल जाळून मोजतं, त्याला पाच-सात मायक्रॉनपर्यंतचे कण दिसतात. त्याहून मोठं जळतच नाही, म्हणून आकड्यात येत नाही. मला सापडलेले पापुद्रे डोळ्यांना दिसतात."

"मग त्या रिपोर्टचा उपयोग काय?"

"सिलिकॉन बघा. एकोणीसवरून आठ. तुमचा नॉब."

हसले. पण गप्प झाले. रिपोर्ट चूक नाही. तो हळू झीज दाखवतो: रिंग, गाइड, धूळ. पोपडे सुटणं ही वेगळी गोष्ट, ती कापलेल्या फिल्टरमध्येच दिसते. कॉम्प्रेशन चांगलं, तेलाचा खप चांगला, रिपोर्ट चांगला. चौथा साक्षीदार नसता तर मीही "ठीक" लिहिलं असतं.

दरम्यान भाजणीप्रमाणे केलं. नवा फिल्टर लावून जमिनीवर २५ मिनिटं: स्वच्छ. दीड तास उड्डाण: नऊ पापुद्रे. तिथेच थांबवलं. दहा तासांची वाट बघायला मन धजलं नाही.

३ डिसेंबर

काका आज स्वतः आले. बोलता बोलता म्हणाले, "गेल्या वर्षापासून टेक-ऑफला जरा जड वाटते, मला वाटलं मीच म्हातारा झालो."

प्लग काढले, रॉकर कव्हरं काढली, डायल गेज लावलं आणि प्रॉपेलर हाताने फिरवत आठही व्हॉल्व्हची उचल मोजली. चारही एक्झॉस्ट एकमेकांना धरून. तीन आणि चारचे इनलेट तसेच. एक आणि दोनचे इनलेट दोन्ही कमी, दोन्ही सारखेच कमी.

या इंजिनात एक्झॉस्टला प्रत्येकी वेगळा लोब (व्हॉल्व्ह उचलणारा कॅमवरचा उंचवटा) असतो, पण समोरासमोरच्या दोन सिलिंडरांच्या इनलेटला मिळून एकच. दुप्पट काम करणारा लोब आधी जातो. एक आणि दोन समोरासमोर आहेत. पुढे मोजायची गरज नव्हती, तरी पुन्हा मोजलं.

५ डिसेंबर

दोन नंबरचं सिलिंडर उतरवलं. भोकातून बॅटरी आणि आरसा. ट्रेनीला आधी बघू दिलं. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "सर, हे बोरासारखं खाल्लंय."

टॅपेटच्या (लोबवर टेकून व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या भागाच्या) तोंडावर, जिथे आरशासारखी गुळगुळीत चकती दिसायला हवी, तिथे खड्डे. एका कडेला पोपडा अर्धा सुटून लटकलेला. लोबचं टोक बाकीच्यांपेक्षा बोथट. गंजाचा ठिपका आधी पडला, मग त्याच्या कडेपासून पृष्ठभाग सुटत गेला. जुहूची तीन वर्षं, असा माझा तर्क. सिद्ध करता येणार नाही.

टॅपेटचं बूड भूछत्रासारखं पसरट असतं, ते आतूनच बसवतात. बदलायचं तर क्रँककेस उघडायलाच हवं, म्हणजे पूर्ण ओव्हरहॉल. २००० तासांच्या इंजिनाला चौदाशेच्या आतच. काकांना हँगरातल्या स्टुलावर बसवून आरसा हातात दिला. त्यांनी बघितलं, आरसा परत दिला आणि विचारलं, "हवेत तुटलं असतं का रे?"

"एकदम नाही तुटत, काका. ताकद कमी कमी होत जाते. पण ते पापुद्रे तेल पंपातून आणि बेअरिंगांतून फिरले असते. फिल्टर लागल्यापासून निदान बेअरिंगांकडे जायचे थांबले."

"आणि त्याआधी?"

त्याचं उत्तर ओव्हरहॉल शॉप देईल.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. काकांनी सगळ्यांना तिळगूळ आणला. इंजिन लाकडी पेटीत बसवलं. ॲडॉप्टर काढून वेगळा ठेवला, तोही आत-बाहेर धुवून, तपासून, नव्या गॅस्केटने परत लागेल. ऑइल कूलरवरून थोडा वाद झाला. काका म्हणाले, तो तर नवाच आहे, धुऊन वापरू. कूलरच्या बारीक नळ्यांत अडकलेला कीस धुऊन पूर्ण निघेल याची हमी कोणी देत नाही, आणि उरलेला निघतो तो नव्या इंजिनात. कूलरला 'वापरू नये' अशी लाल पाटी लावली, नवा मागवला. होजही नवे.

पेटीबरोबर तीन पिशव्या पाठवल्या: मे ची स्क्रीन, नोव्हेंबरच्या घड्या, दीड तासाच्या घड्या. प्रत्येकीवर तारीख आणि तास. शॉपला सगळे बेअरिंग बघायला लेखी सांगितलंय.

लॉगबुकमधली नोंद ट्रेनीने लिहिली, सही माझी. "ऑइल फिल्टर कापून तपासला" यापुढे तिने काय सापडलं ते चार ओळींत लिहिलंय, आकार, रंग, चुंबकाला लागतात की नाही. पानाची जागा संपली म्हणून शेवटची ओळ समासात गेलीय.

नवं इंजिन आल्यावर पहिलं तेल मिनरल, म्हणजे डिस्पर्संट नसलेलं साधं. २५ तासांना बदल आणि फिल्टर कापणे. पन्नास तासांपर्यंत किंवा खप स्थिरावेपर्यंत मिनरलच, मग डब्ल्यू १००. फळ्यावर लिहून ठेवलं.